इंजिनचा जोर वाढवला, आता गिअरबॉक्स कसा टिकवायचा?

अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमध्ये एक जोडी खूप चालते. भंगारातल्या शेव्हरोले ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर बसवलेला टर्बो, आणि मागे त्याच ट्रकमधून निघालेला ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. मूळची साधारण २८५ अश्वशक्ती बेताच्या खर्चात ५०० च्या पुढे जाते. मग एक दिवस दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनचा आवाज एकदम चढतो, पण गाडी पुढे रेटली जात नाही. आठवड्याभरात तिसरा गिअर पडायचाच बंद होतो.

‘गिअरबॉक्सला पॉवर सोसली नाही,’ असं सगळे म्हणतात. यात अर्धंच खरं आहे. तिसऱ्या गिअरची ही तक्रार म्हणजे बहुतेक वेळा आत काही तुटलेलं नसतं, काहीतरी घसरलेलं असतं, आणि घसरून घसरून जळालेलं असतं. हा फरक समजला की कुठला भाग आधी बदलायचा आणि कुठल्यावर पैसे घालवायचे नाहीत, ते कळायला लागतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी ज्यांचे शनिवार-रविवार गाडीखाली जातात त्यांना हे थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनाही आपल्या ऑटोमॅटिक गाडीच्या पोटात काय चालतं ते समजेल.

## आत असतं काय?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. हट्टी नट सोडवायला पान्ह्याच्या टोकावर भार दिला की नटाला जो पीळ बसतो, तो टॉर्कच.

इंजिनला लागूनच टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं, आणि मधे तेलाची दिशा वळवणारं एक तिसरं चाक असतं. त्या चाकामुळे गाडी जागची हलताना इंजिनचा टॉर्क साधारण दुप्पट होतो. म्हणजे इंजिनने ५०० न्यूटन-मीटर दिले तर गिअरबॉक्सच्या तोंडाशी १,००० येतात. ४एल६०ईचा पहिला गिअर टॉर्क ३.०६ पट करतो, त्यामुळे मागच्या शाफ्टवर तीन हजारांच्या पुढे भार जातो.

कन्व्हर्टरच्या मागे प्लॅनेटरी गिअर असतात. मधे एक सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि बाहेरून आतल्या दात्यांचं कडं. यातलं एक धरून ठेवायचं, दुसरं फिरवायचं, की तिसऱ्यातून वेगळा वेग मिळतो. कुठलं धरायचं ते बदललं की गिअर बदलला. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात.

हे धरण्याचं काम क्लच आणि बँड करतात. क्लच म्हणजे भाकऱ्यांसारखी चळत: एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी, पुन्हा घर्षणाची. तेलाच्या दाबाने मागचा पिस्टन ती चळत आवळतो. बँड हा ड्रमभोवतीचा पट्टा असतो, तोही तेलाच्या दाबानेच आवळला जातो. हा दाब तयार करतो पुढचा पंप, आणि तो कुठे, किती, कधी पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या वाटा आणि झडपांचा ठोकळा, आणि गाडीचा कॉम्प्युटर ठरवतात.

## पकड कशावर ठरते?

क्लचची पकड चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: प्लेटचा खरखरीतपणा, तेलाचा दाब ज्या जोराने चळत आवळतो तो जोर, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. घरी व्यास बदलता येत नाही, बाकीच्या तीन बदलता येतात.

हिशोब करून पाहू. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचमध्ये सहा घर्षण-प्लेट असतील तर घासणारे पृष्ठभाग बारा. सातवी प्लेट बसवली की चौदा, म्हणजे जवळपास १७ टक्के वाढ. कंपनीच्या ४एल६०ईमध्ये तेलाचा जास्तीत जास्त दाब १७० ते १९० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) दरम्यान असतो. तो १८० वरून २२० वर नेला तर २२ टक्के वाढ. दोन्ही मिळून पकड सुमारे ४३ टक्के वाढते. इंजिन ४७५ न्यूटन-मीटरवरून ६८० वर नेलं तर तेही ४३ टक्केच. नव्या अवजड भागांपैकी एकालाही अजून हात लावलेला नाही, आणि या एका क्लचचं गणित जुळलं.

बाजारात याच जागेत आठ-नऊ प्लेट बसवणारे संचही मिळतात. जागा तेवढीच असल्याने त्यांच्या पोलादी प्लेट पातळ कराव्या लागतात. गिअर बदलतानाची उष्णता शोषून घेते ती पोलादी प्लेट, आणि पातळ तव्यासारखी ती लगेच तापते, वाकते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जाड पोलादाच्या सात प्लेट नऊ पातळ प्लेटांपेक्षा चांगल्या, असं माझं ठाम मत आहे.

## हा गिअरबॉक्स नेमका कुठे हात टेकतो?

त्याचं मूळ १९८२ च्या ७००आर४ मध्ये आहे. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटचं इंजिन २०० अश्वशक्तीचं होतं. १९९३ पासून तोच आराखडा इलेक्ट्रॉनिक होऊन ४एल६०ई झाला. नावातला चार म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसवलेला, साठ हा ताकदीचा तुलनात्मक आकडा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याच्यापुढे ३४५ अश्वशक्तीचं इंजिन आलं. कंपनी त्याची मर्यादा ४७५ न्यूटन-मीटरच्या आसपास धरत होती, म्हणजे तेव्हाच तो काठावर होता.

सर्वात आधी जातो तो तिसऱ्या-चौथ्याचा क्लच. त्याचं कारण तेलाच्या वाटेत आहे. दुसऱ्या गिअरमध्ये बँड आवळलेला असतो. तिसरा टाकताना तो सुटायला हवा आणि त्याच वेळी हा क्लच आवळायला हवा. दोन्ही कामं एकाच तेलावर होतात: क्लचकडे जाणारं तेलच सर्व्होला, म्हणजे बँड आवळणाऱ्या पिस्टनला, मागे ढकलतं. एका नळावर दोन घरांनी पाणी भरावं तसा दाब विभागला जातो. वाटेत एखादं सील गळत असेल, तर क्लच अर्धवट आवळून घासत राहतो. इंजिन जितकं ताकदवान, तितकं हे घासणं महागात पडतं.

दुसरी कमजोर जागा सन शेल, सूर्य-गिअरला धरणारी पत्र्याची घंटेच्या आकाराची वाटी. तिच्या मानेवरच्या खाचा झिजून सपाट होतात किंवा मानच तडकते. मग दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात, पहिला आणि तिसरा मात्र चालतो. हे लक्षण इतकं नेमकं आहे की गिअरबॉक्स न उघडताही निदान होतं. डी मध्ये गाडी हलत नाही, पण लिव्हर दोन किंवा एकवर आणला की हलते, असं असेल तर एका दिशेनेच धरणारा फॉरवर्ड स्प्रॅग गेलेला असतो.

## गिअरबॉक्स न उतरवता काय जमतं?

बरंच जमतं, आणि गिअरबॉक्स निरोगी असेल तर सुरुवात इथूनच करावी.

गाडी चार जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ऑइल पॅनचे सोळा बोल्ट काढले की साधारण पाच लिटर तेल उतरतं. फिल्टर खाली ओढल्यावर त्याच्या मानेचं सील बहुधा पंपातच अडकून राहतं. ते हलक्या हाताने काढा, भोकाला ओरखडा गेला तर तिथून हवा ओढली जाते. जुनं सील तसंच ठेवून वर नवं ठोकणं ही नेहमी घडणारी चूक आहे.

फिल्टरच्या जागेतूनच, एका सर्क्लिपमागे, दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आणि बूस्ट व्हॉल्व्ह निघतो. मोठ्या व्यासाचा बूस्ट व्हॉल्व्ह बसवला की सर्वाधिक दाब दोनशेच्या वर जातो. लहानसाच भाग आहे, पण एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारा दुसरा सापडणार नाही.

मग उजव्या बाजूचा सर्व्हो. झाकण आत दाबून सर्क्लिप काढायची आणि कॉर्व्हेट सर्व्हो नावाने मिळणारा मोठा पिस्टन बसवायचा. क्षेत्रफळ वाढल्याने त्याच दाबात बँड जास्त घट्ट आवळतो. सर्व्होच्या पिनचा प्रवास दोन ते तीन मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर बँड उशिरा धरतो, फारच कमी असेल तर सुटा असतानाही घासतो.

शिफ्ट किट म्हणजे गिअर घट्ट आणि पटकन पडावा म्हणून तेलाच्या वाटा बदलणारा संच. त्यासाठी व्हॉल्व्ह बॉडी उतरवावी लागते. उतरवताना सात-आठ छोट्या गोळ्या आणि एक पिस्टन-स्प्रिंगची जोडी हातात पडते. कुठली गोळी कुठल्या खाचेत होती याचा फोटो काढल्याशिवाय काहीही हलवू नका. परत लावताना गोळ्या जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरा. ती तेलात विरघळते. चाकांचं ग्रीस विरघळत नाही, बारीक वाटा बुजवतं. व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्सची केस यांच्या मधल्या पत्र्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी गॅस्केटं लागतात. त्यांवर इंग्रजी व्ही आणि सी ही अक्षरं असतात: व्ही व्हॉल्व्ह बॉडीकडे, सी केसकडे. दिसायला जवळपास सारखी, पण अदलाबदल झाली की भलतीच वाट बंद होते. पत्र्यातली भोकं किटच्या कागदावरच्या मापाच्या ड्रिलनेच मोठी करा, अंदाजाने नाही. कडांची बूर काढा. शेवटी बोल्ट ११ न्यूटन-मीटरला आवळा. हा भार इतका कमी आहे की मोठ्या टॉर्क रेंचला तो नीट कळत नाही, छोटा रेंच आणा. जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह बॉडी किंचित वाकते आणि आतले व्हॉल्व्ह अडकतात.

## उतरवून उघडायचा असेल तर

कोरडा गिअरबॉक्स ६६ किलोच्या आसपास, वर कन्व्हर्टर. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, तो घ्या. डायल गेज, फीलर गेज, स्प्रिंग दाबायचं साधन आणि कॉम्प्रेसर हेही लागणारच.

भागांची निवड सोपी आहे: कडक केलेला सन शेल, रुंद बँड, चांगल्या प्रतीचा तिसऱ्या-चौथ्याचा संच, पंपाची कडक केलेली रिंग आणि जास्त पात्यांचा रोटर, गिअर पडतानाचा धक्का मऊ करणारे अॅक्युम्युलेटर पिस्टन प्लॅस्टिकऐवजी अॅल्युमिनियमचे. घर्षण-प्लेटा बसवण्याआधी किमान अर्धा तास ऑटोमॅटिकच्या तेलात भिजत ठेवा. कोरडी प्लेट पहिल्याच आवळण्याला करपते.

सगळा वेळ जातो तो मापांत. तिसऱ्या-चौथ्याच्या चळतीत मोकळीक साधारण ०.७५ ते १.१ मिलिमीटर ठेवतात. संचासोबतच्या कागदावर वेगळं माप असेल तर ते पाळा. मोकळीक जास्त असेल तर पिस्टनला लांब जावं लागतं आणि क्लच उशिरा धरतो. कमी असेल तर सुटलेल्या प्लेटाही एकमेकींना चाटत राहतात. पुढच्या शाफ्टची पुढे-मागे हालचाल कंपनीच्या मापाने ०.१३ ते ०.९२ मिलिमीटर चालते, पण जोरदार इंजिनासाठी ती खालच्या टोकाकडे आणलेली बरी.

शाफ्टवरच्या टेफ्लॉनच्या रिंगा चढवताना ताणल्या जातात. तशाच ड्रममध्ये ढकलल्या तर कापल्या जातात. वर साइझर, म्हणजे त्यांना दाबून धरणारी नळी, चढवून त्यांना मूळ मापावर बसू द्या. पंपाचे दोन अर्धे भाग जोडताना ते एका रेषेत धरायला बाहेरून मोठी होज क्लिप आवळतात आणि मगच बोल्ट घट्ट करतात. हे चुकलं तर पंप केसमध्ये उतरतच नाही.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा हवेची. चळत बसवली, सर्क्लिप लावली, की रबराच्या टोकाची हवेची बंदूक त्या क्लचच्या तेलाच्या भोकावर धरा आणि ३०-४० पीएसआय सोडा. ‘थप्प’ असा भरीव आवाज यायला हवा, आणि हवा बंद केल्यावर पिस्टन मागे यायला हवा. नुसतं फुसफुसलं तर सील दुमडलंय किंवा फाटलंय. आत्ता दहा मिनिटांत दुरुस्त होतं. हेच गाडीत चढवल्यावर कळलं, तर पूर्ण शनिवार जातो.

## कन्व्हर्टर बसवताना पंप फुटतो, तो असा

घरी केलेल्या कामात सर्वात महागडी चूक ही. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओता. मग तो शाफ्टवर चढवून फिरवत फिरवत आत ढकला. तीन वेळा तो ‘खट’ करून आत बसतो: दोन शाफ्टांच्या खाचांवर आणि शेवटी पंपाच्या चावीत. शेवटचा खट झाला नाही, तरी बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग गिअरबॉक्स इंजिनला लावताना थोडी फट राहते, आणि ती बोल्ट आवळून मिटवली जाते. त्या आवळण्याचा सगळा भार पंपावर येतो आणि तो तडकतो.

नियम असा: गिअरबॉक्सचं तोंड इंजिनला हाताने पूर्ण टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनच्या मागची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) मधे ३ ते ५ मिलिमीटर अंतर असलं पाहिजे. बोल्टने ओढून काहीही जुळवायचं नाही. इंजिनच्या मागच्या दोन डॉवेल पिन जागेवर आहेत ना, तेही बघा. त्या नसतील तर गिअरबॉक्स किंचित वाकडा बसतो आणि पंपाचं बुश खातो.

## ‘दाब वाढवत नेला की झालं ना?’

नाही. दाबाने पकड वाढते, पण गिअरही धाडकन पडतो. तो धक्का सन शेल, शाफ्ट आणि मागच्या डिफरेन्शियलला जातो. साखळीची एक कडी जाड केली की पुढची बारीक कडी तुटते. म्हणून शिफ्ट किट बसवलं की कॉम्प्युटरचं ट्यूनिंगही करावं लागतं: कमी एक्सेलरेटरला दाब बेताचा, पूर्ण दाबल्यावर पूर्ण, आणि गिअर बदलताना क्षणभर इंजिनचा जोर कमी करणारी सोय चालू. बरेच जण ती सोय पहिल्यांदा बंद करतात, कारण गाडी मवाळ वाटते. साध्या सन शेलवर असं करणं म्हणजे तो मोडायला काढणं.

केसवरच्या चाचणीच्या भोकाला ३०० पीएसआयचं गेज लावा. आयडलला ५५-६५ आणि पूर्ण मागणीला ठरवलेला आकडा दिसला पाहिजे. गेजशिवाय दाबाबद्दल केलेलं कुठलंही विधान हा अंदाज आहे.

बाटलीतून ओतायची ‘स्लिप थांबवणारी’ औषधं वापरू नका. फाटलेल्या सीलवर आणि जळालेल्या प्लेटवर त्यांचा काही उपाय चालत नाही.

## उष्णता

या धंद्यातला ढोबळ नियम असा की तेल ८० अंश सेल्सियसच्या वर गेलं, की दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. उष्णता सर्वात जास्त तयार होते कन्व्हर्टरमध्ये, तेल घुसळलं जाऊन. उशिरा पकडणारा, म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर बसवला असेल तर आणखी जास्त. म्हणून रेडिएटरमधल्या कूलरनंतर एक वेगळा प्लेट-कूलर जोडा, त्यात हवा खेळती राहील अशा जागी.

जुना गिअरबॉक्स जळून गेला असेल तर त्याचा चुरा जुन्या कूलरमध्ये आणि पाइपांत बसलेला असतो. तो धुतला नाही तर नव्या गिअरबॉक्सच्या पंपात जातो. नवीन बांधलेला गिअरबॉक्स महिन्याभरात परत येतो तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

## ‘सरळ मोठा गिअरबॉक्सच का नको?’

रास्त प्रश्न आहे. गाडी हलकी असेल आणि इंजिन ४५०-५०० अश्वशक्तीचं असेल, तर नीट बांधलेला ४एल६०ई पुरतो. जड ट्रक असेल किंवा ६०० च्या पुढे जायचं असेल, तर त्यावर खर्च करत राहण्यापेक्षा ४एल८०ई घ्यावा. तो १९९१ पासूनचा, टर्बो ४०० या जुन्या तीन गिअरच्या दणकट गिअरबॉक्सवर बेतलेला, १०० किलोच्या पुढचा. त्याच्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.४८ आहे, ३.०६ नाही, त्यामुळे गाडी सुटताना किंचित सुस्त वाटते. तो लांबही आहे: प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, क्रॉसमेंबर सरकवावा लागतो, वायरिंग आणि कॉम्प्युटरची फाइल बदलावी लागते. हे सगळं धरूनही दोनदा जळालेल्या ४एल६०ईपेक्षा तो स्वस्त पडतो.

## आपल्याकडच्या डीएसजीला हे लागू पडतं का?

तत्त्व तेच, उपाय वेगळे. पुण्या-मुंबईत ट्यून केलेल्या अनेक टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) गाड्यांत डीक्यू२०० हा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, असतो. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, आणि मर्यादा २५० न्यूटन-मीटर. १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाला कंपनीने याच गिअरबॉक्ससोबत बरोबर २५० न्यूटन-मीटर दिले होते. म्हणजे मर्यादा आधीच गाठलेली होती. त्यावर रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून, टॉर्क चढवला तर आधी क्लच घसरू लागतो. इथे तेल उष्णता वाहून नेत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकणं त्याला सर्वात वाईट. क्लच जुळवायला खास अवजारं लागतात, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही. ट्यूनरकडून टॉर्कचा आलेख मागून घ्या आणि खालच्या आरपीएमला तो मर्यादेच्या किती वर जातो ते बघा. अश्वशक्तीचा आकडा नंतर.

## पहिले काही शे किलोमीटर

गाडी स्टँडवर असतानाच पाच लिटर तेल भरून इंजिन सुरू करा, लगेच आणखी भरत राहा. कोरड्या गिअरबॉक्सला मोठ्या कन्व्हर्टरसह साडेदहा-अकरा लिटर लागतात. प्रत्येक गिअर टाकून बघा. तेलाची पातळी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये मोजा.

आठशे-एक किलोमीटर सांभाळून चालवल्यावर पॅन पुन्हा काढा आणि आतल्या चुंबकाकडे बघा. त्यावर बोटाला लागेल असा मऊ, करड्या रंगाचा लेप असेल तर तो नव्या प्लेटांचा आहे, पुसून टाका आणि नवा फिल्टर लावा. चमकणारे पापुद्रे म्हणजे पोलाद खाल्लं जातंय. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण म्हणजे बुश किंवा वॉशर. तेलाला करपल्याचा वास आणि काळा गाळ असेल तर तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पुन्हा घासतोय. तेव्हा गाडी उभी करा आणि गेज लावा.